भांडण युनियनशी, देणं फंडाचं

ताई, नमस्कार. एडिसनजवळ माझी इलेक्ट्रिकल कामाची छोटी कंपनी आहे. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी शाळेच्या इमारतीचं सब-कॉन्ट्रॅक्ट मिळालं. मुख्य कंत्राटदार म्हणाला, युनियनच्या कागदावर सही केल्याशिवाय साइटवर येता येणार नाही. युनियनचा माणूस दोन पानं घेऊन आला, "या शाळेपुरतंच आहे" म्हणाला, मी सही केली. माझी चार माणसं चौदा महिने तिथे राबली. सरकारी कामाच्या मजुरीत फ्रिंजची, म्हणजे विमा-पेन्शनसाठीची, जी रक्कम असते, ती मी दर आठवड्याला त्यांच्या चेकमध्येच घालून दिली. एक डॉलर खाल्ला नाही. आता युनियनच्या फंडाच्या वकिलाचं पत्र आलंय: ६,००० तास, तासाला २० डॉलर, म्हणजे १,२०,००० डॉलर, वर व्याज. शिवाय ऑडिटर पाठवणार म्हणे. चौघांपैकी दोघे तर युनियनचे सभासदही नाहीत. उलट युनियनने कबूल केलेली माणसं तीन आठवडे पाठवली नाहीत, उशिराचा दंड मी सोसला. तो वळता करून घेऊ शकतो का? साडू म्हणतात, कंपनी बंद कर आणि वहिनींच्या नावाने नवी काढ. एक कामगार इन्शुरन्सचं कार्ड चालत नाही म्हणून रोज विचारतोय, त्याला काय सांगू? माझे वडील मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या किराणा बाजारात माथाडी होते, त्यामुळे मी युनियनच्या विरोधातला नाही. पण ही लूट नाही का?
— एक छोटा कंत्राटदार, न्यू जर्सी

भाऊ, तुम्ही वडिलांचा उल्लेख ओघात करून गेलात. मी तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या वडिलांची हजेरी टोळीची, माल व्यापाऱ्याचा, पण पगार व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून थेट हातात नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने ही रीत घातली. अण्णासाहेब पाटलांनी ज्या हमालांना एकत्र आणलं, त्यांना कायमचा असा मालक कधी नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग प्रॉव्हिडंट फंड कोणी भरायचा, ग्रॅच्युइटी कोणी द्यायची? उपाय असा निघाला की व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ मजुरी वाटणार आणि लेव्हीतून फंड, बोनस, सुट्ट्या, ग्रॅच्युइटी सांभाळणार. मंडळावर मालकांचे प्रतिनिधी आणि कामगारांचेही. आता सांगा, एखादा व्यापारी म्हणाला असता की "परवा तुमच्या टोळीने ट्रक उशिरा खाली केला, म्हणून या महिन्याची लेव्ही कापतो", तर तुमच्या वडिलांनी काय उत्तर दिलं असतं? ते उत्तर मला छापता येणार नाही, पण तुम्हाला ऐकू आलं असेल.

अमेरिकेतल्या बांधकाम कामगाराची गत हमालासारखीच आहे. आज तुमच्याकडे, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंत्राटदाराकडे. त्याचं पेन्शन नि आजारपणाचा विमा कुठल्याच एका मालकाकडे साचत नाही. म्हणून सगळे मालक एकाच फंडात तासामागे पैसे टाकतात.

मी वकील नाही. न्यू जर्सीत अशाच एका फंडाच्या वसुलीच्या टेबलावर एकवीस वर्षं बसले, आता निवृत्त आहे. तुम्हाला आलेल्या पत्रासारखी पत्रं मी शेकड्यांनी पाठवली आहेत. त्यामुळे माझं मन कुणाकडे झुकतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

तुमच्या पत्रात एक चूक मुळाशी आहे, बाकीच्या तिच्यातून फुटल्या आहेत. तुम्ही 'युनियनचा फंड' म्हणता. तो युनियनचा नाही. १९४६ मध्ये खाणकामगार युनियनचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी कोळसा खाणकामगारांसाठी टनामागे पाच सेंटचा कल्याण फंड मिळवला, तेव्हा पुढारी हा पैसा आपल्या खिशात घालतील अशी धास्ती काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, अनेकांना वाटली. पुढच्याच वर्षी, १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यात त्यांनी अट घातली: मालकाने युनियनला असा पैसा द्यायचाच नाही. द्यायचा तर वेगळ्या न्यासाला, कशासाठी आणि किती ते लेखी करारात लिहून, आणि न्यासावर मालकांचे व कामगारांचे विश्वस्त सारख्या संख्येने बसवून. म्हणजे तुम्हाला पत्र पाठवणाऱ्या फंडाच्या टेबलाभोवती निम्म्या खुर्च्यांवर तुमच्यासारखेच कंत्राटदारांचे लोक असतात. माझा अनुभव विचाराल तर थकबाकीच्या बाबतीत युनियनवाल्यांपेक्षा तेच जास्त कडक. सरळ आहे. ते तासाला वीस डॉलर भरून टेंडर टाकतात, आणि न भरणारा त्यांच्यापेक्षा स्वस्तात काम उचलून नेतो.

आता तीन आठवड्यांच्या दंडाचं. तुमचा राग मला कळतो, आणि युनियनने शब्द मोडला असेल तर तुमची तक्रारही खरी असेल. पण ती युनियनविरुद्धची तक्रार आहे. हा वाद १९६० मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला. बेनेडिक्ट नावाच्या कोळसा कंपनीचं म्हणणं होतं, युनियनने करार मोडून संप केले, आमचं नुकसान झालं, ते फंडाच्या देण्यातून वजा करू द्या. न्यायालय म्हणालं, नाही. नुकसानभरपाई हवी तर युनियनकडे मागा, खाणकामगारांच्या फंडाचं देणं वेगळं.

तरीही मालक तीच कारणं घेऊन न्यायालयात येत राहिले. फंडाचा पैसा वकिलांवर जायला लागला. कामगाराला दिलेलं वचन तर फंडाला पाळावंच लागतं. पेन्शनचा हक्क त्याने केलेल्या कामावर मोजला जातो, तुम्ही पैसे भरलेत की नाही यावर नाही. एकाने बुडवलं की भार बाकीच्या मालकांवर पडतो. म्हणून १९८० मध्ये काँग्रेसने एरिसा कायद्यात, म्हणजे १९७४ च्या पेन्शन कायद्यात, कलम ५१५ घातलं. कलम एका वाक्याचं आहे. मथितार्थ असा: करारानुसार जो मालक अशा फंडात पैसे भरायला बांधील आहे, त्याने ते करारात लिहिल्याप्रमाणे भरायचेच. यानंतर मालकाला बचावाच्या वाटा फार थोड्या उरल्या. देणंच बेकायदेशीर आहे, किंवा ज्यावर सही घेतली तो कागद करार आहे हेच फसवून लपवलं होतं, असलं काहीतरी दाखवावं लागतं. "मला तोंडी वेगळंच सांगितलं" हे त्यात बसत नाही.

म्हणून "या शाळेपुरतंच" हे तोंडी वाक्य विसरा. फंड तुमच्या आणि त्या माणसाच्या गप्पांना साक्षी नव्हता. त्याच्यापुढे असतो फक्त कागद. ती दोन पानं शोधून काढा. मुख्य कंत्राटदाराकडेही एक प्रत असेल. खरोखरच एका प्रकल्पापुरता करार असेल तर त्यावर शाळेचं नाव असेल. पण दोन पानांच्या अशा कागदात बहुधा एवढंच लिहिलेलं असतं की स्थानिक युनियनचा कंत्राटदारांच्या संघटनेशी जो मोठा करार आहे, तो मला मान्य आहे. तो मोठा करार शंभर पानांचा असतो आणि तुम्हाला कोणी दाखवलेला नसतो. बांधकाम धंद्यात कामगारांचं बहुमत न मोजताही असा करार करायला कायद्याची परवानगी आहे, त्यामुळे "माझ्या माणसांना कोणी विचारलंच नाही" हेही चालत नाही. आणि शेवटच्या पानावर बघा: मुदत संपण्याआधी ठराविक दिवसांत लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप पुढे चालू. अनेक लहान कंत्राटदार इथेच अडकतात. शाळेचं काम संपलं तरी करार जिवंत असतो, आणि त्यानंतरच्या दुकानांच्या, घरांच्या कामांचे तासही ऑडिटर मोजायला बसतो. तुम्ही फक्त शाळेचे ६,००० तास सांगताय. बाकीच्या कामांचं काय, हा प्रश्न मला जास्त सतावतो.

फ्रिंजचे पैसे चेकमध्ये घालून दिले, यात तुमची दानत दिसते आणि गैरसमजही. तो कुठून आला हे मला ठाऊक आहे. सरकारी कामाच्या मजुरीचे कायदे वेगळे. केंद्राचा डेव्हिस-बेकन कायदा १९३१ चा, त्यात १९६४ मध्ये फ्रिंजचा भाग आला, आणि तिथे मालक ती रक्कम विम्यात-पेन्शनमध्ये घालू शकतो किंवा रोख मजुरीतही देऊ शकतो. तुमच्या हिशेबनिसाने हेच वाचलं असणार. ते चूक नाही. पण तो कायदा फक्त किमान किती द्यायचं ते सांगतो. तुम्ही त्यावर स्वतःच्या सहीने आणखी एक वचन दिलंत, की ही रक्कम फंडात भरेन. कामगाराच्या हातात दिलेल्या पैशाने फंडाचं देणं फिटत नाही. ते परत मागणंही कठीण, आणि मागूही नका. त्यांनी काम केलं, पगार म्हणून घेतला, त्यावर कर भरला. थोडक्यात, तुम्हाला दोनदा भुर्दंड बसतोय. वाईट वाटतं, पण ते बदलत नाही. वकिलाने मात्र ही गोष्ट विश्वस्तांपुढे ठेवावी. तुम्ही पैसे गिळले नाहीत, चुकीच्या जागी दिलेत, हे पे-स्टबवरून, म्हणजे पगाराच्या पावत्यांवरून, दिसतं. सवलत मागताना त्याचा उपयोग होतो.

सभासद नसलेल्या दोघांबद्दल फार बोलायची गरज नाही. फंडाची वर्गणी सभासदत्वावर लागत नाही, करारातल्या कामाच्या तासांवर लागते. ज्याने वायर ओढली, त्याचे तास धरायचे.

आता आकडे, कारण उशिराची किंमत त्यातच कळते. प्रकरण न्यायालयात गेलं आणि फंड जिंकला, तर न्यायाधीशाला दयामाया दाखवायला जागा नसते. कायद्याचा शब्दच 'द्यावे लागेल' असा आहे. मूळ थकबाकी, तिच्यावर व्याज, शिवाय त्या व्याजाएवढी किंवा फंडाच्या नियमांत ठरलेली, साधारण २० टक्क्यांपर्यंतची, यांपैकी जी मोठी ती दंडाची रक्कम, आणि वर फंडाच्या वकिलाची फी. तुमचे १,२०,००० धरा. व्याज समजा १५,००० झालं. वीस टक्के म्हणजे २४,०००, ते व्याजापेक्षा जास्त, म्हणून ते लागणार. झाले १,५९,०००. आणखी रेंगाळलात आणि व्याज ३०,००० वर गेलं, तर दंडही ३०,०००. झाले १,८०,०००. वकिलाची फी वेगळी. दावा दाखल होण्याआधी फंडाशी बोललात तर दंडाचा भाग कमी करून घ्यायला जागा असते. विश्वस्तांना हप्ते बांधून देण्याची मुभा १९७६ पासून आहे, आणि आमच्या कार्यालयात ते सर्रास व्हायचं. एकरकमी शंभर मिळण्याच्या आशेवर बसण्यापेक्षा महिन्याला दहा बरे, हे विश्वस्तांनाही कळतं. पत्र ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्याला मात्र काही मिळत नाही. समन्सला उत्तरच दिलं नाही तर निकाल एकतर्फी लागतो, आणि मग पुढची पत्रं तुमच्या बँकेला जातात.

सरकारी काम होतं, म्हणजे मुख्य कंत्राटदाराने बाँड, म्हणजे कामाचे पैसे बुडणार नाहीत याची हमी, दिलेला असणार. फंडाचा वकील त्या बाँडवरही दावा टाकू शकतो. एकदा ते झालं की तो मुख्य कंत्राटदार पुढच्या टेंडरला तुम्हाला फोन करणार नाही. थकबाकीपेक्षा हे नुकसान मोठं.

साडूंचा सल्ला मी दोनदा वाचला. वहिनींच्या नावाने कंपनी, तीच व्हॅन, तीच शिडी, तीच माणसं, तेच ग्राहक. न्यायालयं याला दुसरी कंपनी मानत नाहीत, जुनीच दुसऱ्या पाटीची मानतात. माझ्या टेबलावर अशा फायली यायच्या. नवीन कंपनीचा पत्ता तोच, फोन नंबर तोच, आणि एका महाभागाने तर जुन्याच लेटरहेडवर नाव खोडून नवं लिहिलं होतं. थकबाकी नव्या कंपनीवर चढते ती चढतेच, पण तोवर जी चूक होती, ती लबाडी दिसायला लागते. आणि ज्या वहिनींनी कधी कुठल्या कागदावर सही केली नाही, त्यांचं नाव दाव्यात येतं. साडूंना चहा पाजा, धंद्याचा विषय काढू नका.

ऑडिटर येणारच. त्याला अडवू नका. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की फंडाच्या नियमांत तरतूद असेल तर जे कामगार करारात येत नाहीत असं मालक म्हणतो, त्यांच्याही पगाराच्या नोंदी फंड तपासू शकतो. पण अडवू नका म्हणजे मान हलवत बसा असं नाही. ऑडिटरचा पहिला अहवाल नेहमी फुगलेला असतो. हे मी आतून बघितलेलं सांगते. ज्याच्या कामाचं वर्णन नोंदीत नाही, त्याचे सगळे तास तो करारातले धरतो. तुमच्यातला कोणी निम्मा वेळ ऑफिसात एस्टिमेट काढत असेल, कोणी फक्त सामान आणायला व्हॅन चालवत असेल, ते तास वेगळे काढून दाखवा. टाइमशीट, साइटची रोजची नोंद, व्हॅनच्या टोलच्या पावत्या, जे असेल ते. आक्षेप लेखी, मुदतीत, तासागणिक. "हे सगळं चूक आहे" या वाक्याची किंमत शून्य, "१२ ते १६ मार्च हा माणूस साइटवर नव्हता, ही पावती" याची किंमत प्रत्येक तासाला वीस डॉलर. मात्र नोंदीच ठेवल्या नसतील तर अवघड आहे. नोंदी ठेवण्याचं कर्तव्य कायद्याने मालकावर टाकलंय, आणि त्या नसतील तर तास कमी होते हे सिद्ध करण्याचा भार अनेक न्यायालयं मालकावरच टाकतात. पे-रोलची कंपनी वापरत असाल तर आजच सगळं उतरवून घ्या. न्यू जर्सीत कराराच्या दाव्याची मुदत सहा वर्षांची आहे, तेवढे कागद तरी हवेत.

वकील कामगार कायद्यात मालकांच्या बाजूने उभा राहणारा बघा, आणि फंडाच्या खटल्यांत मुरलेला. तुमच्या घराच्या खरेदीचे कागद ज्याने केले तो नको, कितीही भला असला तरी. त्याला पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: करार शाळेपुरता आहे की चालू आहे, चालू असेल तर बाहेर पडण्याची नोटीस कोणत्या तारखांमध्ये द्यायची, आणि माणसांच्या पगारातून तुम्ही युनियनच्या किंवा फंडाच्या नावाने काही कापलं होतं का. तुमच्या पत्रावरून तसं कापलेलं दिसत नाही, पण खात्री करा. स्वतःच्या खिशातून द्यायचं राहिलं हे देणं. कामगाराच्या चेकमधून कापून ठेवून घेतलं, तर तो त्याचाच पैसा असतो, आणि तिथे कंपनीच्या नावामागे मालकाला लपता येत नाही. फौजदारीही होऊ शकते.

पेन्शन फंडातून बाहेर पडताना मोठी रक्कम मागतात असं कोणी तुम्हाला घाबरवलं असेल, तर बांधकाम धंद्याला त्यात सूट आहे. करार संपल्यावर पाच वर्षं त्याच भागात तेच काम फंडाबाहेर राहून केलं नाही, तर सहसा ती रक्कम लागत नाही. तुम्हाला एडिसनमध्येच इलेक्ट्रिकल काम करायचंय, म्हणून हा प्रश्न वकिलाकडे नक्की काढा. नोटीस पाठवण्याआधी.

लूट आहे का, असं विचारलंत. मला नाही वाटत. तुम्हाला न वाचलेल्या कागदावर सही करायला लावली, ही गोष्ट मला आवडलेली नाही, आणि युनियनच्या त्या माणसाने शंभर पानांचा करार तुमच्या हातात द्यायला हवा होता. पण तासाला वीस डॉलर हा भाव साइटवरच्या सगळ्याच इलेक्ट्रिकल कंत्राटदारांना होता. तुमच्या शेजारच्या मजल्यावर काम करणाऱ्यानेही तेवढेच भरले असणार.

आता त्या कार्डाचं. पेन्शनसारखं हे नसतं. आजारपणाच्या विम्याची पात्रता बहुतेक फंड कळवलेल्या आणि भरलेल्या तासांवर मोजतात. तुम्ही चौदा महिन्यांत एकही तास कळवला नाहीत, म्हणून फंडाच्या संगणकात तो माणूस कामावरच नव्हता. त्याला खरं सांगा: चूक माझी आहे, मी फंडाशी बोलतोय, दवाखान्याची बिलं फेकू नकोस, माझ्याकडे प्रती दे. आणि पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका. मासिक अहवालाचे कोरे फॉर्म फंडाच्या कार्यालयात मिळतात. चौघांची नावं, महिन्यागणिक तास, रकमेच्या रकान्यात 'देणे बाकी' लिहून तुमच्या वकिलाच्या हातून पाठवा. आमच्याकडे असा अहवाल आला की तो आधी विम्याच्या टेबलावर जायचा, मग आमच्याकडे. तिथल्या बाई त्या माणसाला स्वतः फोन करायच्या.